भीड, भीती आणि हुरूप: पैशांच्या निर्णयात या चुका टाळा

रविवारी सकाळी साडेनऊला गाडी घराखाली येते. वाटेत तर्री-पोहे होतात, खर्च कंपनीचा. नागपूरजवळ शिवमडक्याच्या पुढे, समृद्धी महामार्ग जिथून सुरू होतो त्या बाजूला, चुन्याने आखलेले रस्ते आणि खुंट्यांना बांधलेल्या पताका दिसतात. मंडपात फळीवर लेआउटचा नकाशा डकवलेला असतो आणि त्यातल्या बहुतेक प्लॉटवर लाल ठिपके असतात. "भाऊ, कोपऱ्याचा हा एकच उरला. संध्याकाळी दुसरी पार्टी येऊन राहिली." बारा वाजायच्या आत ५१,००० रुपयांचं टोकन यूपीआयने गेलेलं असतं आणि हातात येते फक्त एक पावती. सातबारा पाहिलेला नसतो.

टोकन देणारा माणूस अडाणी नसतो. तोच कॉटन मार्केटमध्ये सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीसाठी घासाघीस करतो. हिशोब त्याला येतो, पण त्या अर्ध्या तासात हिशोब करायला मन मोकळं नसतं. हातचं निसटेल ही भीती, पोहे खाल्ल्याची भीड आणि आपल्या नावावर जमीन होणार हा हुरूप, तिन्ही एकाच वेळी अंगात येतात.

या भावना मनातून काढून टाकता येत नाहीत आणि तशी गरजही नाही. घराची ओढ, मुलीच्या लग्नाची हौस यांच्यासाठीच माणूस कमावतो. करायचं एवढंच की भावना उसळली तिथपासून पैसा खात्यातून निघेपर्यंतच्या वाटेवर एक अडसर घालायचा. तो ठरवलेल्या मुदतीचा असेल, कागदावर आधीच लिहिलेल्या आकड्याचा असेल, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या होकाराचा. "मी मनावर ताबा ठेवीन" हा अडसर नव्हे. तो नेमका हवा त्या वेळी जागेवर नसतो.

मुदतीचा अडसर सगळ्यात सोपा. ५,००० रुपयांपर्यंतच्या अनावश्यक खरेदीला एक रात्र, ५०,००० पर्यंत तीन दिवस आणि त्यावरच्या कुठल्याही व्यवहाराला पंधरा दिवस. या मुदतीत टोकन, ॲडव्हान्स, "फक्त बुकिंग" काहीही द्यायचं नाही. समोरचा थांबायला तयार नसेल तर तो व्यवहार सोडायचा.

प्लॉटचं टोकन त्याच दिवशी देणं

नागपुरात ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. बेसा, बेलतरोडी, जामठा, हिंगणा, उमरेड रोड, कोराडी रोड अशा सगळ्या बाजूंना लेआउट आहेत. त्यात चांगलेही आहेत. चांगला आणि फसवा यांतला फरक जागेवर उभं राहून दिसत नाही, तो कागदावर दिसतो. म्हणून पहिल्या भेटीला जाताना खिशात चेकबुक नको, आणि फोनवरून मोठी रक्कम जाणार नाही अशी यूपीआयची मर्यादा आदल्या दिवशीच बँकेच्या ॲपमध्ये कमी करून ठेवा. ५,००० वर आणली तरी पुरे.

मग पंधरा दिवसांत पुढची कामं, याच क्रमाने:

१. गट किंवा खसरा क्रमांक मागा आणि राज्य सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. मालकाचं नाव, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ आणि "इतर हक्क" हा रकाना पाहा. बँकेचा बोजा असेल तर तो तिथे दिसतो. वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही.

२. लेआउट मंजुरीचा आदेश आणि मंजूर नकाशा मागा. हद्दीप्रमाणे तो नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) असेल किंवा एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा). आपला प्लॉट क्रमांक, त्याचं माप आणि पुढच्या रस्त्याची रुंदी त्या नकाशावर आहे का ते बघा. मंडपातला रंगीत नकाशा हा मंजूर नकाशा नसतो. अकृषक आदेश आणि जाहिरातीत ज्याला "आर.एल." म्हणतात ते रिलीज लेटर मूळ प्रतीत पाहायला मागा, आणि त्याचा जावक क्रमांक घेऊन संबंधित कार्यालयात पडताळा.

३. क्षेत्र ५०० चौरस मीटरहून जास्त आणि प्लॉट आठहून जास्त असतील तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. हा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून प्रवर्तकाचं (लेआउट पाडून विकणाऱ्याचं) नाव, पूर्णत्वाची तारीख आणि तक्रारी वाचा.

४. वकील आपण निवडलेला हवा. विकणाऱ्याचा "आमचाच वकील आहे, फुकटात करून देतो" हा प्रस्ताव घेऊ नका. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल मागा.

५. दुसरी भेट एकट्याने, कामाच्या दिवशी आणि जमल्यास पावसाळ्यात. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाचा खर्च वाढतो. पाणी कुठे साचतं, रस्ता खरंच वहिवाटीचा आहे का, हे जुलैत दहा मिनिटांत कळतं आणि फेब्रुवारीत अजिबात कळत नाही. शेजारच्या शेतकऱ्याशी आणि नाक्यावरच्या चहावाल्याशी बोला.

रेरा कायदा लागू असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी प्रवर्तकाला एकूण किमतीच्या १०% पेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जो "आज निम्मे भरा, रेट फिक्स करतो" म्हणतो, त्याला हे कलम १३ दाखवा. त्यानंतर तो काय बोलतो ते नीट ऐका.

भरलेल्या पैशामागे आणखी पैसा घालणं

वरची चूक होऊन गेली की ही मागोमाग येते. १२ लाखांच्या प्लॉटचे ३ लाख हप्त्याने भरून झालेत, दोन वर्षं मंजुरी "पुढच्या महिन्यात" येणार आहे आणि कार्यालयातला माणूस आता फोन उचलत नाही. तरी हप्ता जातो, कारण मन म्हणतं, इतके भरले, आता सोडायचं कसं? अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम, न चालणारं दुकान, पटत नसलेली पॉलिसी, सगळीकडे हेच होतं. गेलेला पैसा पुढच्या निर्णयाला धरून ठेवतो.

इथे कागदाचे दोन भाग करा. डावीकडे लिहा: आजपासून मला आणखी किती भरायचे आहेत? इथे ९ लाख. उजवीकडे: त्या ९ लाखांच्या बदल्यात, आजच्या कागदपत्रांच्या स्थितीत, मला काय मिळतं? भरलेले ३ लाख कुठेच लिहायचे नाहीत, कारण पुढे गेलात किंवा थांबलात तरी ते गेलेलेच आहेत. मग विचारा, आज हा प्लॉट मला ९ लाखांत कोणी नव्याने दाखवला असता तर याच कागदांवर मी घेतला असता का? उत्तर "नाही" असेल तर हप्ता थांबवून लेखी परतावा मागा. ई-मेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट, दोन्ही पाठवा. प्रवर्तकाने करारातल्या तारखेला ताबा दिला नाही तर रेराच्या कलम १८ नुसार व्याजासह रक्कम परत मागता येते. महारेराचं कार्यालय नागपुरातही आहे.

घसरणीत विकणं आणि पडलेला शेअर कवटाळून बसणं

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की तोट्याचं दुःख तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा जास्त तीव्र असतं. पुढे १९९२ च्या त्यांच्या मोजमापात हे प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास आलं. काहनेमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. घरगुती भाषेत सांगायचं तर १०,००० रुपये हरवले की जेवढं मन खट्टू होतं, ते भरून यायला २२,००० च्या आसपास सापडावे लागतात.

या एका गोष्टीतून दोन उलट चुका निघतात. पहिली, सगळा बाजार पडला की चांगलं विकून टाकणं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर बंद झाला. दोनच महिन्यांपूर्वी, जानेवारीत, तो ४२,००० च्या घरात होता. त्या आठवड्यात एसआयपी बंद करून म्युच्युअल फंड विकणाऱ्यांनी तोटा कायमचा केला. २१ जानेवारी २०२१ ला निर्देशांकाने ५०,००० ओलांडले. दर वेळी बाजार इतक्या लवकर सावरेल असं नाही. पण जो पैसा सात-आठ वर्षं लागणार नाही, त्याला वाट पाहणं परवडतं. ज्याची पुढच्या वर्षी मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी गरज आहे, त्याला परवडत नाही.

म्हणून दुरुस्ती घसरणीच्या दिवशी होत नाही, आधी करावी लागते. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवूच नका. घरखर्च महिन्याला ३५,००० असेल तर सहा महिन्यांचे २,१०,००० बाजूला हवेत. त्यातले ३५,००० बचत खात्यात आणि उरलेल्याच्या ३५,००० च्या पाच वेगवेगळ्या एफडी करा. एकच मोठी एफडी केली तर दवाखान्याच्या २०,००० साठी सगळी मोडावी लागते. पाच असतील तर एकच मोडते. हा पैसा जागेवर असला की घसरणीच्या बातमीने झोप तेवढी उडत नाही.

इक्विटीत, म्हणजे शेअर बाजारात, जाण्याआधी तोटा टक्क्यांत नको, रुपयांत लिहा. "३५% पडू शकतो" हे वाचून पोटात गोळा येत नाही. "माझे ८ लाख उद्या ५ लाख २० हजार दिसतील" हे लिहिलं की येतो. तो आकडा बघून रात्री झोप लागणार नसेल तर इक्विटीचा वाटा आत्ताच कमी करा. आणि ॲप रोज उघडू नका. ते फोनच्या पहिल्या पानावरून काढा आणि तीन महिन्यांतून एका ठरलेल्या तारखेला बघा. रोज बघणाऱ्याला लाल रंग फार वेळा दिसतो आणि प्रत्येक लाल रंग विकायला लावतो.

दुसरी चूक अगदी उलट आहे. ४०० ला घेतलेला शेअर १८० वर आला, कंपनीचा धंदा बसला, तरी "विकेपर्यंत तोटा नाही, मूळ किमतीला आला की काढतो" म्हणून ठेवणं. हर्ष शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये ही सवय मांडली: माणूस वाढलेले शेअर घाईने विकतो आणि पडलेले धरून ठेवतो. १८० वरून ४०० ला पोचायला १२२% वाढ लागते. आपण ४०० ला घेतला हे शेअरला ठाऊक नसतं. इथेही वरचाच प्रश्न: आज हातात १८० रोख असते तर मी हाच शेअर घेतला असता का? नसेल तर विका. तोटा नोंदवण्यात थोडा लाभही आहे. विवरणपत्र मुदतीत भरलं तर भांडवली तोटा पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो.

कालचा तोटा आज भरून काढायला जाणं

फ्यूचर्स आणि ऑप्शन्स (एफ अँड ओ), म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे सौदे, यांबद्दल थोडक्यात पण स्पष्ट सांगतो. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३% जणांना तोटा झाला. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींवर.

एवढं कळूनही माणूस का थांबत नाही? तोट्यात असताना माणसाची जोखीम घ्यायची तयारी वाढते. सकाळी ८,००० गेले की ते "परत आणायचे" असतात आणि दुपारी तो दुप्पट लॉट घेतो. नफ्यात असता तर घेतला नसता. ही लक्षणं स्वतःत तपासा: तोट्याचा आकडा घरी सांगितलेला नाही, पर्सनल लोनमधून किंवा कार्डावरून ट्रेडिंग खात्यात पैसे गेलेत, ऑफिसच्या वेळेत दर पाच मिनिटांनी फोन बघावा लागतो. एकही असेल तर स्टॉपलॉसची नवी पद्धत शिकून काही होणार नाही. ब्रोकरच्या ॲपमध्ये सेगमेंटच्या जागी जाऊन एफ अँड ओ बंद करा. तिथे सोय सापडली नाही तर ग्राहक सेवेला ई-मेल करून ते निष्क्रिय करायला सांगा. ट्रेडिंग खात्यातली मोकळी रोख त्याच दिवशी बँकेत परत घ्या.

एफडीला हात न लावता कार्डाचं व्याज भरत राहणं

मन पैशाला वेगवेगळ्या डब्यांत ठेवतं: हा मुलीचा, हा दिवाळीचा, हा कार्डाचा. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, त्यांच्या कामात या मानसिक खतावणीला मोठी जागा आहे. डबे वाईट नाहीत, त्यांच्यामुळेच बचत टिकते. पण दोन डब्यांतल्या व्याजाची तुलना कधीच झाली नाही तर नुकसान होतं.

एक हिशोब बघू. कार्डावर ६०,००० थकलेत आणि व्याज महिन्याला ३.५% आहे. महिन्याचं व्याज २,१००, त्यावर १८% जीएसटी ३७८, एकूण २,४७८. समजा भरायची किमान रक्कम ३,००० आहे आणि तुम्ही तेवढीच भरली. मुद्दल कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी. त्याच वेळी बँकेत मुलीच्या नावाने ठरवलेली १ लाखाची एफडी ७% ने महिन्याला साधारण ५८३ रुपये देते. म्हणजे ५८३ मिळवण्यासाठी २,४७८ मोजले जातात. वर, पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि कालच्या किराण्यावरही व्याज सुरू होतं.

उपाय: एफडी मोडा किंवा तिच्यावर कर्ज घ्या. मुदतीआधी मोडल्यास बहुतेक बँका व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापतात. एफडीवरचं कर्ज साधारणतः एफडीच्या दराहून एक-दोन टक्के महाग असतं. दोन्ही कार्डाच्या ४२% पुढे किरकोळ आहेत. मग कार्डाला जाणारे ३,००० दरमहा नव्या आवर्ती ठेवीत टाका, तिला मुलीचंच नाव द्या. दोन वर्षांच्या आत ६०,००० परत जमतात. मुलीचा डबा मोडला ही टोचणी यानेच जाते. ती गेली नाही तर माणूस पुन्हा एफडी करतो आणि कार्ड पुन्हा थकवतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

मार्चमध्ये ओळखीखातर पॉलिसी

घरी आलेले काका वडिलांचे जुने सहकारी असतात. चहा होतो, मुलांची चौकशी होते आणि फॉर्म पुढे येतो. "१० लाख भरायचे, १८ लाख मिळणार, शिवाय टॅक्स वाचणार." नाही म्हणणं अवघड जातं. आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण.

आकडा तपासायला पाच मिनिटं लागतात. हे १० लाख वर्षाला ५०,००० प्रमाणे वीस वर्षं भरायचे असतील तर फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये एका खाली एक २० घरांत उणे ५०,००० लिहा, २१ व्या घरात अधिक १८,००,००० आणि खाली आयआरआरचं (वार्षिक परताव्याच्या दराचं) सूत्र लावा. उत्तर येतं सुमारे ५.३%. "१० चे १८" ऐकताना ८०% फायदा वाटतो, तो वीस वर्षांत विरलेला असतो. पीपीएफ ७.१% देतो. विम्याची गरज असेल तर मुदत विमा वेगळा घ्या आणि बचत वेगळी ठेवा.

टॅक्सचंही बघा. नवी करप्रणाली आता मूळ प्रणाली आहे आणि तिच्यात ८०सीची वजावट मिळत नाही. २०२५-२६ पासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत कर बसत नाही. तुम्ही त्या गटात असाल तर मार्चची घाई तुमच्यासाठी नाहीच.

काकांना द्यायचं उत्तर आधी ठरवून ठेवा: "काका, आमच्याकडे पैशाची कुठलीही सही दोघांनी बसून पंधरा दिवसांनी करायची असं ठरलंय. कागद ठेवून जा." यात त्यांचा अपमान नाही. सही होऊन गेली असेल तरी पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत, फ्री लुक मुदतीत, ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या. एजंटकडे दिलेला अर्ज मुदत संपेपर्यंत त्याच्या बॅगेत राहू शकतो.

जामिनाची सही

चुलतभावाला पतसंस्थेतून कर्ज हवं असतं, "फक्त सही" लागते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुली आधी कर्जदाराकडून व्हायला हवी असं बंधन नाही, थेट तुमच्या दारात येऊ शकतात. बँकेच्या कर्जाला जामीन असाल तर ते कर्ज तुमच्या पत अहवालातही दिसतं आणि तुमच्या गृहकर्जाला आडवं येतं.

सही करायचीच असेल तर कसोटी एकच: हे सगळं कर्ज उद्या मला फेडावं लागलं तर माझं घर चालेल का? नाही चालणार तर जेवढं बुडालं तरी चालेल तेवढं स्वतःच्या खिशातून द्या आणि परत येईल हे धरू नका. "जामिनावर सही नको असं घरात ठरलंय, पण १०,००० माझ्याकडून घेऊन जा" या वाक्याने नातं टिकतं. आणि आपली ठेव पतसंस्थेत असेल तर लक्षात घ्या, बँकेतल्या ठेवीला मिळणारं ५ लाखांपर्यंतचं डीआयसीजीसीचं विमा संरक्षण पतसंस्थेला नाही.

लग्नात पहिला आकडा समोरच्याकडून ऐकणं

लॉनवाल्याने पहिल्यांदा ४ लाख म्हटले की ३ लाख २० हजार स्वस्त वाटतात. कानावर पडलेला पहिला आकडा मनात नांगर टाकून बसतो आणि पुढची घासाघीस त्याच्याभोवतीच होते. म्हणून फोन करण्याआधी आपला आकडा कागदावर हवा. आधी पाहुण्यांची यादी नावानिशी करा. "अंदाजे पाचशे" ही यादी नव्हे. ४०० नावं आणि ताटाचा दर ६०० असेल तर जेवण २,४०,०००. मानपानाखातर वाढलेली १०० नावं म्हणजे आणखी ६०,०००. तीन ठिकाणचे दर लेखी घ्या आणि त्यात जनरेटर, सफाई, सजावट, कर वेगळे आहेत का ते विचारा. मानपान आणि आहेराच्या साड्या यांचा खर्च शेवटच्या आठवड्यात फुगतो, त्याला आधीच वेगळं पाकीट करा. ते संपलं की संपलं.

५ लाखांचं पर्सनल लोन १३% ने पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ११,३७७ आणि एकूण परतफेड ६ लाख ८३ हजारांच्या आसपास. लोक काय म्हणतील याची चिंता एका संध्याकाळची असते, हा हप्ता नवदांपत्याच्या किंवा आईवडिलांच्या घरात साठ महिने येत राहतो. दोन्ही घरांनी बसून हा आकडा मोठ्याने वाचला की यादीतली नावं आपोआप कमी होतात.

सोनं, चुकारा, एसी

इतवारीच्या सराफ्यात दागिना घेताना गुंतवणूक आणि हौस एकाच बिलात मिसळू नका. १ लाखाच्या सोन्यावर १२% घडणावळ १२,००० आणि एकूण रकमेवर ३% जीएसटी ३,३६० धरून १,१५,३६० जातात. विकताना घडणावळ आणि कर परत येत नाहीत. हौस म्हणून घ्या, छानच आहे, फक्त दागिन्यावरचा सहा अंकी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक (एचयूआयडी) बीआयएस केअर ॲपवर तपासून घ्या.

सोयाबीनचा किंवा संत्र्याचा चुकारा, दिवाळीचा बोनस, एलआयसीची मॅच्युरिटी असा एकरकमी पैसा "वरचा" वाटतो आणि सैल हाताने जातो. तो आला की आधी तीस दिवसांच्या एफडीत ठेवा. महिनाभराने तो आपल्या कमाईसारखाच वाटू लागतो. मग आधी महागडं कर्ज, मग सहा महिन्यांची राखीव रक्कम आणि त्यानंतर दहावा हिस्सा खुशाल मौजेला.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला की त्या संध्याकाळीच एसी घेतला जातो, तोही "नो कॉस्ट" ईएमआयवर. दुकानदाराला विचारा, रोख दिले तर किती? ४२,००० चा रोखीत ३९,५०० ला मिळत असेल तर ते २,५०० हेच व्याज आहे. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. ही खरेदी जानेवारीत करता येते.

घाबरवून मागितलेले पैसे

"तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, व्हिडिओ कॉल बंद करू नका." डिजिटल अरेस्ट असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. फोन कापा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने सांगा. घाबरलेला माणूस एकटा राहिला पाहिजे, हीच त्यांची गरज असते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, बँकेला कळवून खातं रोखा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यांत फिरण्याआधी जेवढा अडतो, तेवढाच परत यायची आशा असते.

चूक होऊन गेली असेल तर

आधी बाहेर जाणारी धार बंद करा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या जागी आणि नेट बँकिंगमध्ये मॅन्डेटच्या यादीत जाऊन काय काय कापलं जातंय ते पाहा, नको ते रद्द करा. मग सगळी कर्जं व्याजदराच्या उतरत्या क्रमाने लिहा. सर्वांत वरच्यावर जास्तीचा पैसा जाईल, बाकीच्यांचे नेहमीचे हप्ते चालू राहतील. तरत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड व्यक्तीला लागत नाही, पण त्याचा नंबर शेवटी येतो.

आणि तो कागद घरात दाखवा. लपवलेला तोटा मोठा होत जातो, कारण तो लपवण्यासाठीच पुढचं कर्ज निघतं. रात्रीची जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर बसा. कागदावर तीनच ओळी असू द्या: एकूण देणं किती, महिन्याला हप्ता किती, हाताशी किती. ऐकणाऱ्यानेही पहिल्या दिवशी फक्त "मग या महिन्याचं कसं करायचं?" एवढंच विचारावं. "का केलंस?" हा प्रश्न पहिला हप्ता वेळेवर गेल्यावर विचारला तरी चालतो.